जावईबापू हात झटकतात

६ जानेवारी, सोमवार

ही वही आठवणी जपायला घेतलेली नाही. कोण काय बोललं ते तारीखवार लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कोणी शब्द फिरवला तर त्याच्या तोंडावर वही आपटता येईल.

आज मालकांनी पॅकिंगच्या आम्हा नऊ जणींना उभं करून सांगितलं की जूनपासून आमच्या टेबलावर रोबोचा हात काम करणार. आमचा कारखाना प्रयोगशाळेची काच बनवतो, फ्लास्क, बीकर, टेस्ट ट्यूब. श्वास जोरात सोडला तरी तडकेल की काय अशी पातळ काच. ती तपासायची, कागदात गुंडाळायची आणि पेटीत घालायची, हे आमचं काम. आता म्हणे टेबलावर एकच बाई राहील, रोबोला शिकवणारी आणि पुढे त्याच्यावर नजर ठेवणारी. बाकीच्या सगळ्या धुलाई खात्यात. तिथे दिवसभर रबरी बूट घालून ॲसिडच्या वासात उभं राहायचं. माझ्या वयाची बाई तिथे सहा महिने टिकणार नाही, हे मालकांनाही माहीत आहे.

"एकच" म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं या टेबलाचा पहिला हात माझा आहे, दुसरीकडे कुठे बघणार? पण मग त्यांनी धाकटीकडेही पाहिलं. ते मला आवडलं नाही.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही एका घरात राहतो, एका ओट्यावर रांधतो आणि कारखान्यातही शेजारी बसतो. देवाने मला तिच्यापासून सुटका फक्त झोपेत दिली आहे. तिला इथे लावलं मीच. फ्लास्क कसा धरायचा तेही मीच शिकवलं. कानामागून आली आणि तिखट झाली.

७ जानेवारी, मंगळवार

रोबोबरोबर एक इंजिनीअर बाई आली आहे. तीस-बत्तिशीची असेल. तिने माझ्या उजव्या हातात वायरींचा मोजा चढवला. मी जसं धरीन, दाबीन, फिरवीन ते सगळं त्यातून कॉम्प्युटरमध्ये जाणार आणि त्यावरून रोबो शिकणार. टेबलावर वर एक कॅमेराही लावला आहे. मी तिचं नाव मोजेवाली ठेवलं.

"काकू, तुम्ही रोजच्यासारखंच करा. मी इथे नाहीच असं समजा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "ते मला सहज जमेल."

काकू म्हणे! माझ्या केसांना कलप आहे तो काय उगाच?

१५ जानेवारी, बुधवार

रोबोने आज पहिला फ्लास्क उचलला आणि चुरा केला. दुसराही केला. तिसरा त्याने इतक्या हळू धरला की तो घरंगळून गेला. त्याच्यासाठी वेगळा एसी आहे, पुसायला मऊ फडकं आहे, दिमतीला तीन माणसं आहेत, आणि एवढं फोडूनही कोणी त्याला "अरे" म्हणत नाही. मी म्हटलं, हा रोबो कसला, हे तर जावईबापू! तेव्हापासून सगळं खातं त्याला जावईबापूच म्हणतं. मोजेवालीसुद्धा हसली. मी तिच्यासाठी विनोद केला नव्हता.

मोजा घट्ट आहे. काढल्यावरही बोटांना मुंग्या येत राहतात. तिला सांगितलं तर तिने दुसऱ्या मापाचा दिला. त्यानेही येतात. म्हणजे माल सगळा एकाच दुकानातला.

२७ जानेवारी, सोमवार

आज खरं लिहायचं तर मला बरं वाटलं.

जावईबापूंनी फ्लास्कची मान अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरली, उचलला, आणि पोटावर नखाने टिचकी मारून क्षणभर थांबले. ही माझी पद्धत. अख्खी काच टणकन वाजते आणि तडा असला की बद्द वाजते. या यंत्राला कान नाहीत. पण मी थांबते म्हणून तेही थांबलं, आणि मगच त्याने कागद गुंडाळला. चोवीस फ्लास्कची पेटी भरली, एकही फुटला नाही.

"काकू, हे सगळं तुमचंच आहे," मोजेवाली म्हणाली.

मला आतून भरून आलं. पण तिला दाखवलं नाही. "आडात असेल तर पोहऱ्यात येईलच," एवढंच म्हटलं.

धाकटी टाळ्या वाजवत होती. तिला कशाचा एवढा आनंद? मी राहिले तर ती धुलाईत जाणार, हे तिला कळत नाही का? की वेड पांघरून पेडगावला निघाली आहे?

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटी घरी बरण्यांची झाकणं मुद्दाम आवळून ठेवते. आज साखरेची बरणी उघडता उघडेना. शेवटी मी ती तिच्यापुढे आदळली.

"उघड आता. तूच लावलंस ना?"

तिने दोन बोटांनी उघडली. मला दाखवायला! वर म्हणते, "जाऊबाई, हात दुखतोय का?" मी म्हटलं, माझा हात दुखत नाही, डोकं दुखतं, आणि कोणामुळे ते तुला ठाऊक आहे.

हे म्हणाले, "सकाळी सकाळी कशाला भांडता?" यांचं स्वतःचं गाऱ्हाणं वेगळंच, मी झोपेत हात झटकते आणि तो यांना लागतो. मारायचं झालं तर मी जागेपणी मारीन, असं सांगितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीच्या पेट्यांतली फूट वाढली आहे. भरलेल्या प्रत्येक पेटीवर आम्ही आपापल्या हजेरीच्या नंबराची चिठ्ठी लावतो, माझा सात आणि तिचा अकरा. गोदामात पेट्या उघडून तपासतात तेव्हा अकरा नंबरात तडकलेला माल निघतो. मालकांनी तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मला आत कुठेतरी गार वाटलं, ते लपवून काय करू. वही माझी आहे.

तरी तिची खोड जात नाही. मी चहाला गेले की माझ्या पेट्यांशी काहीतरी चाळा करत असते. परवा मी अचानक परतले तर माझ्या पेटीचं झाकण तिच्या हातात!

"काय शोधतेस?"

"काही नाही, कागद संपलेत का बघत होते."

कागदाचा गठ्ठा तिच्या कोपराशीच होता. माझी घडी चोरायला बघत असेल. मी गुंडाळलेल्या कागदाची शेपटी आत खोचते, म्हणजे सुटत नाही. तिला मी हजारदा सांगून झालं, तिची शेपटी बाहेरच लोंबते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जावईबापू जितकं शिकतात तितके बिघडत चालले आहेत. जानेवारीत चिमटीने धरत होते, आता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याशी दाबून धरतात, एखाद्याने कळशीचा काठ धरावा तसं. आणि दाबतात तर असे की काठ तडकतो.

मोजेवाली म्हणाली, "काकू, तुम्ही धरायची पद्धत बदललीत का? अंगठा आणि पहिली दोन बोटं जवळजवळ कामच करत नाहीयेत. आणि जोर जानेवारीच्या दुप्पट येतोय."

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तुझं यंत्र आंधळं, तुझा मोजा फाटका, आणि दोष माझ्या बोटांना? तू बालवाडीत होतीस तेव्हापासून मी ही काच हाताळते आहे."

"दोष नाही देत हो. आकडे दाखवतेय."

"आकडे तुझ्याकडे ठेव."

ती जाताना म्हणाली, "एकदा हात डॉक्टरांना दाखवाल का?" बघा! मला आजारी ठरवायचं, धुलाईत ढकलायचं आणि धाकटीला खुर्ची द्यायची. दोघींचं संगनमत आहे, आता माझी खात्रीच झाली.

आज घरी तव्याचा चटका बसला. बोटाला चांगला फोड आला. जळल्याचा वास आला तेव्हा मला वाटलं धाकटीनेच काही करपवलं. तवाही तिनेच तापत ठेवला होता.

३ मार्च, सोमवार

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "एक दिवस मोजा धाकटीच्या हातात घालून बघू."

मी तोंड उघडायच्या आत धाकटीच म्हणाली, "नको साहेब. माझा हात राकट आहे. टेबलाचा पहिला हात जाऊबाईंचा."

काय सोंग! गरीब गायीचा आव आणायचा म्हणजे मालकांना आणखी कळवळा यावा. घरी येताना मी तिच्याशी अक्षर बोलले नाही. ती माझी पिशवी धरायला आली, मी दिली नाही. कोपऱ्यावर पिशवी आपसूक हातातून सुटली आणि टोमॅटो रस्ताभर झाले. तिने वाकून एकेक गोळा केला. मी उभी राहून बघत होते. लोक बघत होते. मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

लिहितानाही हल्ली पेन सरकतं. स्वस्तातली पेनं आणली की हेच होणार.

११ मार्च, मंगळवार

आज मालकांचे दोन भागीदार आले होते. जावईबापूंनी त्यांच्यासमोर पेटी भरायची होती. ती धड भरली तर मी राहणार, नाहीतर शिकवायला दुसरा हात. मी सकाळी नवी साडी नेसले. ब्लाउजचे हुक लागेनात म्हणून यांना बोलावलं, त्यांनी दोन चुकीचे लावले.

पहिले पाच फ्लास्क ठीक गेले. एकाचा काठ कुरकुरला, पण ते भागीदारांना कळलं नाही. सहावा जावईबापूंनी अर्धवट गुंडाळून बाजूला ठेवला. पंजा हवेत वर नेला, मनगट सैल सोडलं आणि तीन वेळा झटकलं, पाणी निथळवावं तसं. मग फ्लास्क पुन्हा हातात घेतला. पुढच्या सहाव्याला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

भागीदार हसले. एक म्हणाला, "दमतो वाटतं तुमचा रोबो."

मला वाटलं आमच्या खात्यातल्या जणीही खिदळतील. पण कोणी हसलं नाही. सगळ्या जणी यंत्राकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

भागीदार गेल्यावर मी मोजेवालीला कोपऱ्यात घेतलं. "हे नखरे त्याला कोणी शिकवले?"

"काकू," ती हळूच म्हणाली, "त्याला तुमच्याशिवाय कोणीच काही शिकवलेलं नाही."

उद्या मी कॅमेऱ्याचं सगळं चित्रण बघणार आहे. खोटेपणा तिच्याच पडद्यावर उघडा पाडते.

१२ मार्च, बुधवार

सगळं लिहिते. हात थांबला तर थांबून लिहिते.

मोजेवालीने परवाचं चित्रण लावलं. वरून दिसत होते माझे हात. मी सहा फ्लास्क गुंडाळते, हात बाजूला नेते आणि तीन वेळा झटकते. पुन्हा सहा, पुन्हा झटकते. मी असं करते हे मला कोणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी काही बोलणार तेवढ्यात पडद्यावरची मी चहाला उठले, आणि धाकटी सरसावली. तिने माझी भरलेली पेटी उघडली, आत बघितलं, झाकण लावलं. माझी सात नंबरची चिठ्ठी सोलून काढली, आपल्या पेटीवर लावली, आणि आपली अकरा नंबरची चिठ्ठी माझ्या पेटीवर!

माझी पेटी आपल्या नावावर! हात झटकणं बिटकणं मी विसरून गेले. शेवटी रंगेहाथ सापडली. मोजेवाली "काकू, थांबा, आधी ऐका" म्हणत होती, पण मी कुठली थांबते. पडदा उचलता आला असता तर पडद्यासकट गेले असते. मालकांना हाताला धरून आणलं, धाकटीला बोलावलं, आणि म्हटलं, "बघा. सव्वीस वर्षं राबलेल्या माणसाची पेटी ही चोरते."

मालकांनी बघितलं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गोदामातून परवाच्या अकरा नंबरच्या पेट्या मागवल्या. माझ्या समोर पहिली उघडली.

चोवीसपैकी चार फ्लास्कचे काठ तडकलेले.

"अकरा नंबर, हे काय?"

"चुकलं साहेब," धाकटी म्हणाली. "माझ्याच पेट्या आहेत त्या. जाऊबाईंना नीट दिसलं नसेल."

मी एक फ्लास्क उचलला. कागदाची शेपटी आत खोचलेली होती. दुसऱ्याची आत. तिसऱ्याची आत. त्या खोलीत या घडीचा अर्थ दोघींनाच कळत होता, आणि त्यातली एक खाली मान घालून उभी होती. मी टिचकी मारली. बद्द. गुंडाळण्याआधी तो टणकन वाजला होता, मला खात्री आहे. मी बद्द फ्लास्क कधी गुंडाळलेला नाही. म्हणजे तो तडकला माझ्याच हातात, गुंडाळताना, आणि माझ्या हाताला ते कळलं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी स्वतः मालकांना हाताला धरून आणलं होतं.

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. धाकटी निभावून नेत होती. एक महिना शिव्या खाल्ल्या, आणखी खाल्ल्या असत्या. तिचं ते खाली घातलेलं डोकं बघून माझं माथं असं फिरलं की मी ओरडलेच, "हिला मेलीला जन्मात अशी घडी घालता आली नाही. या पेट्या माझ्या आहेत."

मालक म्हणाले, "उद्यापासून सुट्टी घ्या. आधी हात दाखवा."

घरी येताना पिशवी तिच्याकडे होती. अर्धा रस्ता गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"जानेवारी संपता संपता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

खरं उत्तर तिला माहीत होतं.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेली आहे. अंगठ्याखालचा मांसाचा गोळा आटला आहे, तो मी कधी बघितलाच नव्हता. त्यांनी विचारलं, झोपेत हात झटकता का? मी "नाही" म्हणेपर्यंत हे म्हणाले, "दोन वर्षं! मी मार खातोय."

ऑपरेशन करायचं आहे. बधिरपणा जाईल का, याला त्यांचं उत्तर, "बराचसा जायला हवा. उशीर झालाय." मोज्याने काही झालेलं नाही, असंही म्हणाले. मोजेवालीला मी काय काय बोलले ते या वहीत आहे, म्हणून इथेच लिहिते, ते चूक होतं. तिला सांगायला मी जाणार नाही.

तीच घरी आली. फेब्रुवारीपासूनचं सगळं शिकवणं तिने पुसून टाकलं आणि जावईबापूंना फक्त जानेवारीचा हात ठेवला. कालपासून एकही काच फुटली नाही. चिमटीने धरतात, टिचकी मारतात, थांबतात. तिला वाटलं मला आनंद होईल.

म्हणजे माझा जानेवारीचा हात कारखान्यात कामाला आहे आणि माझ्यापाशी हा मार्चचा. ती गेल्यावर मी खूप रडले. डोळे पुसायलासुद्धा डावा हात घ्यावा लागला.

मालकांचा निरोप आहे की जूनपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतील. बोटांना काच कळायला लागली तर माझी. नाही तर धाकटीची, आणि मला धुलाई.

९ एप्रिल, बुधवार

ऑपरेशन झालं. उजवा हात बांधलेला आहे, फक्त बोटांची टोकं बाहेर. डाव्याने लिहून बघितलं तर कोंबडी चालल्यासारखं अक्षर आलं. म्हणून आज मी सांगते आहे आणि धाकटी लिहिते आहे. मी बोलेन ते सगळं लिहायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही, असं बजावलं आहे. हेही लिही.

मागची पानं वाचायची नाहीत, असंही सांगितलं. तर म्हणते, परवाच वाचली. सगळी? सगळी. मेली म्हणते, "तेरा फेब्रुवारीचं वाचून मला हसू आलं." त्यात हसण्यासारखं काय होतं? मला तिच्या रडण्याने गार वाटलं होतं. तिला लाजही नाही आणि रागही नाही. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

लिही पुढे. डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे. डोळे मिटून बसायचं, कोणीतरी बोटांखाली एकेक वस्तू ठेवायची, आणि ती ओळखायची. आज पहिला दिवस होता. धाकटीने पाच वस्तू ठेवल्या. मी सांगितलं, किल्ली, बटण, खडू, शेंगदाणा, पिन. पाचही बरोबर. डॉक्टर म्हणत होते महिने लागतील. त्यांना सव्वीस वर्षांचा हात काय असतो ते माहीत नाही. जूनला मी टेबलावर असेन, आणि धाकटे, तू माझ्या हाताखाली. कागदाची शेपटी आत खोचायला तुला शिकवल्याशिवाय मी काही मरत नाही. झालं. खाली रेघ मार.

(जाऊबाई, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे. पाच नाही, दोन. किल्ली आणि खडू, बस. तुम्ही बटण म्हणालात तेव्हा बोटाखाली काही नव्हतं, मी अजून ठेवलंच नव्हतं. तरी मी बरोबर म्हटलं. तुमचा हात लिहिता होईल तेव्हा हे पान तुमच्या समोर येईल, मग काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. तोवर रोज पाच वस्तू आणीन. मोजेवालीने तुमच्या जागी मला घालायला मोजा आणला होता, मी जूनपर्यंत घालणार नाही म्हणून सांगितलं आहे.)

काय गं, मी कधीची थांबले. तू अजून काय लिहितेस?

(अक्षर नीट काढते आहे, असं मी सांगितलं.)